जुन्या मोटरीत चुंबक बसवले की काय होतं?

विहिरीवरची जुनी तीन फेजची मोटर घ्या, तिच्या वायरींना एक छोटा एलईडी लावा आणि शाफ्ट हाताने जोरात फिरवा. काही पेटत नाही. सायकलच्या टायरला टेकणारा जुना डायनमो मात्र दोन बोटांनी गरकन फिरवला तरी बल्ब लुकलुकतो. मोटर त्याच्यापेक्षा कितीतरी जड, तांबं कितीतरी जास्त, लोखंडही भरपूर. तरी ती गप्प, कारण डायनमोत फिरणारा भाग हा कायमचा चुंबक असतो आणि मोटरीच्या फिरणाऱ्या भागात चुंबक नसतोच.

मग तिथे चुंबक बसवले तर वीज मिळेल? मिळेल. पण किती मिळेल, कोणत्या वेगाला मिळेल आणि त्यासाठी मोटरीचं काय काय करावं लागेल, हे नीट समजून घेतलं नाही तर लेथचे पैसे, चुंबकांचे पैसे आणि एक चांगला रोटर असं तिन्ही वाया जातं.

उसनं चुंबकत्व

आधी मोटर कशी चालते ते बघू. बाहेरचा स्थिर भाग म्हणजे स्टेटर. सिलिकॉन स्टीलच्या साधारण अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यांची थप्पी, तिच्या आतल्या अंगाला खाचा आणि खाचांत इनॅमल चढवलेल्या तारेची वेटोळी. तीन फेजची वीज या वेटोळ्यांत सोडली की आत एक चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते गोल फिरत राहतं. वायंडिंग (म्हणजे ही सगळी वेटोळी) चार पोलचं, म्हणजे चुंबकाची चार टोकं तयार करणारं, आणि वीज ५० हर्ट्झची असेल, तर मिनिटाला बरोबर १५०० फेरे.

आतला रोटर हासुद्धा पत्र्यांचाच, पण त्याच्या खाचांत तार नसते. तिथे ॲल्युमिनियम ओतून दांडे केलेले असतात आणि दोन्ही टोकांना ते कड्यांनी जोडलेले असतात. फिरतं क्षेत्र या दांड्यांवरून सरकतं, त्यामुळे दांड्यांत प्रवाह निर्माण होतो (हा फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेला परिणाम), त्या प्रवाहाने रोटर तात्पुरता चुंबक बनतो आणि क्षेत्रामागे ओढला जातो. तो १५०० पर्यंत कधीच पोचत नाही. पोचला तर क्षेत्र दांड्यांवरून सरकायचंच थांबेल आणि प्रवाहही थांबेल. म्हणून नेमप्लेटवर १४४० असा काहीतरी आकडा दिसतो.

थोडक्यात, रोटरचं चुंबकत्व उसनं असतं. लाईट गेली की तेही गेलं. लोखंडात मागे उरतो तो अगदी किंचित अंश.

गंमत म्हणजे या किंचित अंशावरही मोटरीचा जनरेटर करता येतो. टर्मिनलांमध्ये योग्य मापाचे कपॅसिटर जोडायचे आणि मोटर तिच्या १५०० च्या थोडी वर फिरवायची. उरलेल्या चुंबकत्वाने थोडी वीज तयार होते, ती कपॅसिटरमधून परत येऊन चुंबकत्व वाढवते, त्याने वीज आणखी वाढते, आणि काही सेकंदांत व्होल्टेज उभं राहतं. रोटरला हात लावावा लागत नाही. कितीतरी छोटे जलविद्युत संच असेच चालतात. तारा शॉर्ट झाल्या तर चुंबकत्व कोसळतं आणि वीज आपोआप बंद पडते, हा वर फायदा. तुमच्याकडे डिझेल इंजिन असेल किंवा १५०० च्या आसपास एकसारखा वेग देणारी टर्बाइन असेल, तर रोटर कापायच्या भानगडीत पडू नका, कपॅसिटर लावा.

चुंबक लागतात ते वेग कमी असेल तेव्हा, किंवा तो सतत बदलत असेल तेव्हा. पवनचक्कीचं पातं मिनिटाला २००–३०० फेरे मारतं, तेही वाऱ्याच्या मर्जीने. तिथे कपॅसिटरची युक्ती चालत नाही.

मोटरीचा पीळ आणि मोटेचा बैल

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. ‘दोन एचपीच्या मोटरीत चुंबक बसवले, आता ही १५०० वॉट देणार’ असं लोक धरून चालतात. देणार, पण १४४० फेऱ्यांना.

हिशोब करून बघू. दोन एचपी म्हणजे साधारण १५०० वॉट. एवढी ताकद १४४० फेऱ्यांना देताना मोटर शाफ्टला जो पीळ देते, म्हणजे टॉर्क, तो भरतो सुमारे १० न्यूटन-मीटर. ही मर्यादा तिच्या शरीराची आहे: दातांचं, म्हणजे दोन खाचांमधल्या पट्ट्यांचं, लोखंड किती फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) पेलतं आणि खाचेतली तार न तापता किती अँपिअर पेलते. वेग कमी केला म्हणून हा पीळ वाढत नाही. मोटेचा बैल धावेवरून निम्म्या वेगाने चालला तर दोर तो तितक्याच जोराने ओढेल, पण तासाला मोटा निम्म्याच निघतील. मोटरीचंही तसंच. ३६० फेऱ्यांना, म्हणजे पाव वेगाला, तिच्याकडून पाव ताकद धरा, ३७५ वॉटच्या आसपास. कायमचे चुंबक असल्याने रोटर चुंबकित करायला लागणारा प्रवाह वाचतो, म्हणून फार तर चारशे-सव्वाचारशे. याहून जास्त मागितलं तर वायंडिंग जळेल, मग चुंबक कितीही तगडे असोत.

त्यामुळे भंगारात मोटर निवडताना एचपी बघण्याऐवजी वजन बघावं आणि नेमप्लेटवरचा वेग बघावा. वेग जितका कमी तितकं बरं. त्याच एचपीची ९६० किंवा ७२० फेऱ्यांची, म्हणजे सहा किंवा आठ पोलची मोटर अंगाने मोठी असते, कारण तिला तेवढ्याच ताकदीसाठी जास्त पीळ द्यावा लागतो. अशी मोटर जळकी मिळाली तरी चालते. पत्र्या धड हव्यात, बेअरिंगची घरं झिजलेली नकोत. वायंडिंग बहुतेक वेळा नव्याने भरावंच लागतं.

लेथवर

रोटर बाहेर काढून लेथवर धरायचा आणि चुंबकाच्या जाडीच्या दुपटीने, वर थोडी मोकळीक ठेवून, व्यास कमी करायचा. चुंबक ५ मिलिमीटर जाड असतील तर व्यासातून किमान १० मिलिमीटर जाणार. मोटरीत मुळात रोटर आणि स्टेटरमधली फट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असते. चुंबक बसवल्यावर ती पाऊण ते एक मिलिमीटर ठेवावी, कारण हाताने चिकटवलेले चुंबक कारखान्यातल्या रोटरइतके गोल कधीच येत नाहीत.

इथे एक अडचण येते. छोट्या रोटरमध्ये खाचा खोल असतात, त्यामुळे पृष्ठभाग कापला की खाली पट्ट्यापट्ट्यांचं मिश्रण दिसतं, थोडं लोखंड, थोडं ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियममधून चुंबकाचा फ्लक्स नीट जात नाही. शेजारच्या दोन चुंबकांना मागून जोडणारं सलग लोखंड लागतं, नाहीतर त्यांची निम्मी ताकद आतच अडते. म्हणून जाणकार टर्नर एकतर रोटर आणखी खोल कापून त्यावर माइल्ड स्टीलची जाड नळी घट्ट बसवतात, किंवा जुना गाभा प्रेसवर काढून शाफ्टवर नवा स्टीलचा ड्रमच करतात. स्टेटरला पत्र्या लागतात कारण तिथे फ्लक्स सतत उलटसुलट होतो. रोटरबरोबर चुंबकही फिरतात, त्यामुळे ड्रममध्ये फ्लक्स जवळपास स्थिर राहतो आणि भरीव स्टील चालून जातं.

चुंबकांचे पोल वायंडिंगच्या पोलांइतकेच हवेत. चार पोलच्या स्टेटरला उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण असे चार पट्टे. प्रत्येक पट्ट्यात छोटे छोटे तुकडे ओळीने लावले तरी हरकत नाही, फक्त एका पट्ट्यात सगळ्यांची एकच बाजू वर. वायंडिंग चार पोलचं आणि चुंबक सहा पोलचे लावले तर वेटोळ्यांतली व्होल्टेज एकमेकांना खातात आणि हाती काही लागत नाही.

चुंबक निओडिमियमचे घ्यावेत, हे खरं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी, स्वतंत्रपणे हे तयार झाले आणि स्पीकरमागच्या काळ्या फेराइट चुंबकापेक्षा ते साधारण तिप्पट क्षेत्र देतात. पण जास्त तगडे म्हणजे जास्त चांगले, हा हिशोब इथे चालत नाही. ५ मिलिमीटरचा चांगला निओडिमियम चुंबक एक मिलिमीटरच्या फटीत जवळपास एक टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्र देतो. स्टेटरच्या आतल्या परिघावर ढोबळमानाने निम्मे दात आणि निम्म्या खाचा असतात, आणि सगळा फ्लक्स दातांतूनच जातो. म्हणजे दातांत दोन टेस्ला. हे लोखंड पावणेदोनच्या आसपासच तृप्त होतं. तिथून पुढे चुंबकावर घातलेला पैसा फक्त उष्णता आणि अडखळणं वाढवतो. म्हणून पोलची पूर्ण रुंदी चुंबकाने भरू नये. दोन तृतीयांश रुंदी भरली की पुष्कळ झालं.

अडखळणं म्हणजे काय, ते रोटर आत घातल्यावर लगेच कळतं. शाफ्ट हाताने फिरवला की तो टक् टक् करत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारतो. चुंबकाची कड एका दातासमोरून दुसऱ्यासमोर जाताना लोखंडाला धरून ठेवते. पवनचक्कीसाठी हे घातक, कारण मंद वाऱ्यात पातं सुरूच होत नाही. उपाय जुना आणि सोपा आहे: चुंबकांचे पट्टे शाफ्टला समांतर न लावता तिरके लावायचे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बरोबर एका खाचेइतका तिरकेपणा. ३६ खाचांच्या स्टेटरला १० अंश, २४ खाचांच्या स्टेटरला १५ अंश. व्होल्टेज अगदी थोडं कमी होतं, पण शाफ्ट लोण्यासारखा फिरतो.

चुंबक चिकटवायला चांगलं इपॉक्सी वापरावं, पण फक्त त्याच्यावर विसंबू नये. ३० ग्रॅमचा चुंबक, ४ सेंटिमीटर त्रिज्या आणि १८०० फेरे असा हिशोब केला तर तो चुंबक बाहेर फेकला जाण्याचा जोर चार किलोच्या वर भरतो, शिवाय स्टेटरचं लोखंड त्याला ओढत असतंच. वरून फायबर ग्लासची पट्टी आणि रेझिन गुंडाळून घेतलेलं बरं. हे काम लेथच्या शेजारी करू नका. हवेतला बारीक लोखंडी कीस चुंबकांवर येऊन बसतो आणि नंतर कशानेच पूर्ण निघत नाही.

रोटर परत स्टेटरमध्ये घालणं हे सगळ्यात धोक्याचं काम. तो एका क्षणी हातातून खेचला जातो आणि मध्ये बोट असेल तर बोट जातं. रोटरभोवती जुनी एक्स-रे फिल्म गुंडाळून, शाफ्टचं टोक लेथच्या टेलस्टॉकने किंवा आट्यांच्या दांड्याने धरून, हळूहळू आत सरकवायचा. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी या कामापासून लांबच राहावं.

किती व्होल्ट, आणि ते कुठे जाणार

चुंबक बसले की व्होल्टेज वेगाच्या प्रमाणात चढतं. चुंबकांचा फ्लक्स मूळ मोटरीइतका धरला तर १४४० फेऱ्यांना ४१५ व्होल्ट, ३०० फेऱ्यांना साधारण ८६. वारंवारताही बदलते: पोल गुणिले फेरे भागिले १२०, म्हणजे चार पोल आणि ३०० फेऱ्यांना १० हर्ट्झ. अशी वीज पंख्याला किंवा टीव्हीला थेट देता येत नाही. ती सहा डायोडच्या ब्रिजमधून नेऊन डीसी करायची आणि बॅटरी भरायची. तीन फेजचा ब्रिज लाईन व्होल्टेजच्या (दोन फेजच्या वायरींमधल्या व्होल्टेजच्या) १.३५ पट डीसी देतो.

४८ व्होल्टची बॅटरी भरायला सुरुवात व्हावी म्हणून लाईनला ३८ व्होल्ट पुरेत, म्हणजे स्टारमध्ये (तिन्ही फेजचं एकेक टोक एकत्र करून) जोडलेली ही मोटर १३० फेऱ्यांनाच कामाला लागते. ऐकायला छान वाटतं, पण मूळची तार बारीक आहे, ३.४ अँपिअरच्या आसपास पेलणारी. बॅटरी व्होल्टेज धरून ठेवणार, तार प्रवाह धरून ठेवणार, आणि पदरात पडणार सुमारे २०० वॉट. जास्त हवे तर वायंडर मंडळींकडून वेढे निम्मे आणि तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ दुप्पट असं भरून घ्यायचं. सुरुवातीचा वेग दुप्पट होतो, अँपिअरही दुप्पट मिळतात.

वायंडिंग न बदलता डेल्टा (तिन्ही फेज टोकाला टोक जोडून त्रिकोण) करून बघायचा मोह होतो. चुंबकांनी तयार होणारी लहर शुद्ध साइन नसते, तिच्यात तिसरा हार्मोनिक (तिप्पट वारंवारतेची लहर) असतो, आणि डेल्टाच्या बंद कड्यात तो प्रवाह आतल्या आत फिरत मोटर तापवतो. त्याऐवजी सहाही टोकं बाहेर काढून प्रत्येक फेजला आपापला वेगळा ब्रिज लावावा आणि डीसीच्या बाजूला तिघांना समांतर जोडावं. छोट्या मोटरीत स्टारचा सांधा बहुधा आतच, वार्निशखाली लपलेला असतो. तो वायंडरकडून उघडून घ्यावा लागतो.

उष्णतेबद्दल एक गोष्ट. मोटरीचं इन्सुलेशन १३० किंवा १५५ अंशांपर्यंत टिकतं, पण साधा निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे ताकद गमावायला लागतो आणि थंड झाल्यावर ती परत येत नाही. चुंबक मागवताना एसएच हा दर्जा मागा, तो १५० अंशांपर्यंतचा असतो.

हे कुणी करावं

वस्तीतल्या गच्चीवर पवनचक्की म्हणून करणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: करू नका, त्या पैशात सोलर पॅनेल घ्या. दोन मीटर व्यासाच्या पात्याला सेकंदाला ५ मीटरच्या वाऱ्यात हाती लागतात जेमतेम ७० वॉट, आणि इमारतींच्या आडोशाला तेवढाही वारा एकसारखा नसतो. वारा १० मीटर झाला तर आठपट, पण तो साताऱ्याच्या चाळकेवाडीसारख्या उघड्या पठारावर मिळतो, सदाशिव पेठेत नाही.

ओढ्याचं पाणी ही वेगळी गोष्ट. घाटमाथ्याखालच्या एखाद्या शेतात, सेकंदाला ४ लिटर पाणी २० मीटर उंचीवरून पाइपने आणता येत असेल, तर पाण्यात ताकद आहे ७८५ वॉट. निम्मी वाया गेली तरी ३९० उरतात, आणि ते चोवीस तास, म्हणजे दिवसाला नऊ युनिटच्या वर. १६ मिलिमीटरच्या नोझलमधून निघालेली धार २० सेंटिमीटर व्यासाच्या पेल्टन चाकाला (कडेला वाट्या असलेल्या पाणचाकाला) साधारण ९०० फेऱ्यांनी फिरवते. पीळ लागतो फक्त चार न्यूटन-मीटर, एक एचपीची मोटर पुरते. पावसाळ्यात सूर्य आठवडेच्या आठवडे दिसत नाही, नेमका तेव्हा ओढा भरलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत तो आटला की पॅनेल आहेतच.

मात्र चुंबकांचा जनरेटर बंद करता येत नाही. चुंबकाला स्विच नसतो. बॅटरी भरली म्हणून चार्जरने तिला तोडलं, की भार सुटलेलं पेल्टन चाक वेग जवळपास दुप्पट करतं आणि टर्मिनलवर पाचशे व्होल्टच्या वर चढतात. डायोड फुटतात, कंट्रोलर जळतो, माणूस चिकटू शकतो. म्हणून बॅटरी भरल्यावर वीज वळवायला हीटरची कॉइल, म्हणजे डंप लोड, आधी बसवायचा, मग बाकीचं. पवनचक्कीला तीनही फेज एकत्र शॉर्ट करणारा ब्रेक-स्विच लावतात, पण तो वारा मंद असताना टाकायचा. सुसाट फिरत्या पात्यावर टाकला तर वायंडिंग जातं. आणि ही वीज घरच्या महावितरणच्या वायरिंगला कधीच जोडायची नाही. पलीकडे लाईन बंद आहे समजून खांबावर चढलेला वायरमन असू शकतो.

लेथ परवडत नसेल तर आधी भंगारात चुंबक आधीच असलेली मोटर शोधा. डायरेक्ट ड्राइव्ह वॉशिंग मशीनची मोटर आणि ई-बाइकची हब मोटर, दोन्हींत चुंबक कारखान्यातूनच बसवून येतात. पोल पुष्कळ, वेग कमी. न्यूझीलंडमध्ये फिशर अँड पायकेल कंपनीच्या वॉशिंग मशीनच्या मोटरी वर्षानुवर्षं छोट्या ओढ्यांवर जनरेटर म्हणून लावल्या जातात. छताच्या जुन्या पंख्यालाही १४ किंवा १६ पोल असतात, म्हणून त्यात चुंबक लावून केलेले व्हिडिओ भरपूर दिसतात. तो हळू फिरूनही व्होल्टेज देतो, पण सत्तर-पंचाहत्तर वॉटच्या पंख्याकडून घर चालण्याची अपेक्षा धरू नये. मोटरच जनरेटर फिरवते आणि तोच जनरेटर मोटरीला वीज देतो, असा व्हिडिओ दिसला तर टेबलाखालची वायर शोधा.

तयार झालेला जनरेटर चाकाला लावण्याआधी लेथवर किंवा ड्रिल मशीनवर फिरवून बघायचा. तिन्ही फेजची व्होल्टेज सारखी आली पाहिजेत. एक कमी आलं तर एखादं वेटोळं उलटं जोडलंय. सारखी आली, की ३०० फेऱ्यांना किती व्होल्ट मिळाले तो आकडा रंगाने मोटरीच्या अंगावर लिहून ठेवायचा. चाक किती मोठं, बॅटरी किती व्होल्टची, हे सगळं त्या एका आकड्यावरून ठरतं.